विश्लेषण : पंपाने काढलेले दूध की थेट स्तनपान? नेमका फरक कुठे पडतो?

बाळ वेळेआधी जन्मलेले असते, अतिदक्षता विभागात असते किंवा त्याला स्तन नीट तोंडात धरता येत नाही. अशा वेळी आई पंपाने दूध काढून वाटी-चमच्याने वा बाटलीने पाजते. काही जणी महिनोन्‌महिने फक्त पंपावरच असतात. बाळाच्या पोटात जाते ते आईचेच दूध. तरीही ‘अंगावर पाजत नाही’ हा टोमणा ऐकावा लागतो.

पंपावर दूध आटते का?

स्तनातून जेवढे दूध बाहेर पडते, त्या प्रमाणात नवे तयार होते. दूध साचले की निर्मिती मंदावते. बाळ अंगावर पिते तेव्हा हे गणित आपोआप जमते. पंपावर ते घड्याळ लावून जमवावे लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसातून आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्रीच अधिक असते. दूध काढा, मग पाजा, मग पंपाचे भाग धुऊन उकळा. हे सोपे वाटणाऱ्या नातेवाइकांनी एक रात्र सोबत जागावे.

३० मिलिलिटरच निघाले, म्हणजे दूध कमी?

अंगावर पाजणारी आई अंदाज घेण्यासाठी पंप लावते आणि इथेच घाबरते. नीट ओढणारे बाळ पंपापेक्षा जास्त दूध काढू शकते. कप मापाचा नसेल किंवा मनावर ताण असेल तर पान्हा फुटायला वेळ लागतो. पावडरचा डबा आणण्याआधी बाळाचे वजन आणि दिवसभरातील ओले लंगोट पाहावेत, डॉक्टरांना विचारावे.

साठवणीचे काय?

२५ अंशांपर्यंतच्या खोलीत दूध चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. विदर्भातल्या मे महिन्यात हे चार तास विसरा. दूध लगेच फ्रिजमध्ये, तेही दारात नव्हे, आत ठेवा. गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करा. मायक्रोवेव्ह नको.

नोकरदार आईचे काय?

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसाला दोन सुट्ट्याही कायद्यात आहेत. घर तासाभराच्या अंतरावर असेल तर त्या पंपासाठीच वापरता येतात. पण त्यासाठी कार्यालयात कडी लागणारी एक खोली आणि फ्रिजमध्ये एक कप्पा लागतो.