तीन टोकांची गाडी

माझदा आरएक्स-७ या जपानी स्पोर्ट्‌स कारमध्ये टॅकोमीटरचा काटा लाल रेघेपाशी पोहोचला की एक बझर वाजतो. इतर गाड्यांना त्याची गरज पडत नाही; इंजिनाचा आवाज आणि सीटखालची थरथर ते काम करतात. या गाडीचं इंजिन वेग वाढेल तसं अधिकच सुतासारखं फिरू लागतं, आणि चालकाला आपण मर्यादेवर आलोय हे कळतच नाही.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर तो सेकंदाला २०० वेळा पूर्ण थांबून उलटा फिरतो. एवढी आदळआपट कशासाठी, असा प्रश्न फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाला पडला होता. आरएक्स-७मध्ये असतं ते त्याचंच रोटरी इंजिन; त्यात पिस्टनच नाही. कमरेत किंचित दाबलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. जपानी लोक भाताचा तिकोनी मुटका वळतात, अगदी तसा. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे त्रिकोणाच्या बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात, आणि त्रिकोण फिरेल तसे ते फुगतात, आकसतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल शिरत असताना दुसऱ्यात ते दाबलं जात असतं, तिसऱ्यात जळत असतं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. त्रिकोणाची एक फेरी होते तेव्हा मधल्या शाफ्टच्या तीन होतात. म्हणजे माझदाच्याच आरएक्स-८मध्ये काटा ९००० दाखवत असतो तेव्हा आतला त्रिकोण निवांत ३००० फेऱ्या घेत असतो!

हे सगळं इतक्या लहान जागेत मावतं की इंजिन पुढच्या चाकांच्या मागे, जवळजवळ डॅशबोर्डला टेकवून बसवता येतं. नाकावर ओझं नसल्यामुळे आरएक्स-७ वळणात अशी शिरते, जणू स्टिअरिंग फिरवायच्या आधीच तिला कळलं होतं. १९९१ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत ६५४ सीसीचे दोन त्रिकोण (रोटर), म्हणजे सगळं मिळून १३०८ सीसी, आणि सोबत दोन टर्बो. शेवटच्या गाड्यांची ताकद २८० अश्वशक्तीपर्यंत गेली होती. जपानचं करखातं काही भोळं नाही. रोटरी इंजिनाची क्षमता दीडपट धरून ते कर लावतं. तरी १९६२ सीसीच होतात, म्हणजे दोन लिटरच्या आतच!

पण गोम त्या तीन टोकांमध्ये आहे. प्रत्येक टोकावर एक अरुंद पट्टी बसवलेली असते, एपेक्स सील. एका कप्प्यातला वायू शेजारच्या कप्प्यात जाऊ न देणं हे तिचं काम. भिंतीवर घासत, आगीतून जात, ती अखंड पळत असते. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६७मध्ये रो-८० ही सुरेख मोटार काढली आणि याच सीलनी तिला बुडवलं. वॉरंटीखाली इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. रस्त्यात दोन रो-८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना बोटं वर करून दाखवत, माझं कितवं इंजिन ते, असा किस्सा सांगतात.

हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोतो आणि त्यांच्या ४७ जणांच्या चमूपुढेही तेच संकट होतं. पोकळीच्या चकचकीत भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठत. त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. शोध घेतला तेव्हा कळलं की सील नुसतं घासत नाही, ते थरथरत भिंतीवर आपटतंय. मग सीलची कंपनसंख्या बदलायचे प्रयोग झाले, आणि शेवटी अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील जमलं. १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१मध्ये तर चार रोटरच्या ७८७बी गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय, आणि पुढचा यायला २०१८ उजाडलं.

म्हणून प्रश्न सुटला असं मात्र नाही. सील झिजू नये म्हणून इंजिन मुद्दामच थोडं थोडं ऑइल कप्प्यात सोडतं आणि जाळतं. त्यामुळे पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची सवय मालकाला लावून घ्यावीच लागते. काही जण पेट्रोलमध्येही टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळतात. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरवाल्यांना हे ऐकून हसू येईल. गाडी धुवायला म्हणून थंड इंजिन चालू करून दोन हात पुढे घेतली आणि लगेच बंद केली, तर ती पुन्हा चालू होईलच असं नाही. कप्प्यात साचलेलं पेट्रोल सीलवरचं ऑइल धुऊन नेतं, दाब पडतो, स्टार्टर नुसताच फिरत राहतो. टर्बोवाल्या गाडीत रबरी नळ्यांचं जंजाळ असतं, तेही उष्णतेने कडक होऊन तडकतं.

उष्णतेचा तर आणखीच चमत्कार आहे. पिस्टनच्या इंजिनात थंड हवा आणि आग एकाच सिलिंडरमध्ये आळीपाळीने येतात. इथे पोकळीची एक बाजू कायम थंड आणि दुसरी कायम तापलेली. त्यातून जळण्याचा कप्पा लांबट, पातळ. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग देऊनही ज्योत कोपऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही. उरलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं. मागे निघणाऱ्या त्या ज्वाळांचे फोटो लोक कौतुकाने काढतात. मालकाच्या खिशातून काय जळतंय ते त्याचं त्यालाच माहीत.

जुनी आरएक्स-७ घ्यायची तर रंग, सीट, टायर हे सगळं नंतर. आधी दाब तपासायचा. साधा गेज इथे फसवतो. तिन्ही कप्प्यांपैकी ज्याचा दाब जास्त, तोच आकडा तो धरून बसतो. म्हणून तिन्ही दाब वेगळे दाखवणारं खास यंत्र लागतं. ते नसेल तर जाणकार मेकॅनिक स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारतो आणि कान देतो. फुस्, फुस्, फुस् असा एकसारखा ठेका आला तर ठीक. तिसरा ठोका दबका आला की सौदा तिथेच संपतो, किंवा किंमत निम्म्यावर येते. निम्म्या किमतीत घेणारेही असतातच, आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

२०१२मध्ये आरएक्स-८ बंद झाली. २०२३मध्ये माझदाने रोटरी परत आणलं, पण एमएक्स-३० या विजेवर चालणाऱ्या गाडीत, ८३० सीसीचा एकच रोटर, बॅटरी चार्ज करण्यापुरता. त्याचा चाकांशी संबंधच नाही. लहान, हलकं, थरथर नसलेलं इंजिन म्हणून तो त्या कामाला शोभतोही. फक्त आरएक्स-७वाल्याला त्यात काय मिळणार?