झटका येऊन गेला, आता सिगारेट सोडून काय उपयोग?

ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनी बेटांवरच्या मूलनिवासी समाजात पंचेचाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या मृत्यूंना धूम्रपान कारणीभूत आहे. घरात कुणाला हृदयविकाराचा झटका आला की 'आता सोडायचीच' असं ठरतं. मग काही समजुती आडव्या येतात.

गैरसमज : तंबाखू ही त्यांची संस्कृतीच.
वस्तुस्थिती : मध्य ऑस्ट्रेलियात पितुरीसारखी निकोटिनयुक्त रानपानं राखेत मळून चघळत, हे खरं. पण तंबाखू ओढण्याचं व्यसन फोफावलं ते गोऱ्यांच्या शिध्यातून. मिशन आणि पशुपालनाच्या मळ्यांवर पीठ, साखर, चहा यांसोबत तंबाखूही मिळे आणि अनेकदा तीच मजुरी असे.

गैरसमज : त्यांना सोडायचीच नसते.
वस्तुस्थिती : २०१२-१३च्या 'टॉकिंग अबाउट द स्मोक्स' पाहणीत रोज ओढणाऱ्यांपैकी ७० टक्के लोकांना सोडायची होती. पंधरा वर्षांवरच्यांत रोज ओढणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९मध्ये ३७ टक्के होतं, ते २०२२-२३मध्ये २९ टक्क्यांवर आलं. खरी अडचण पहिला महिना निभावण्याची आहे. घरचे, पाहुणे, मित्र सगळेच ओढणारे असले की हात पुन्हा पाकिटाकडे जातो.

गैरसमज : झटक्यानंतर सोडून फरक पडत नाही.
वस्तुस्थिती : हृदयरुग्णाने सिगारेट सोडली, तर ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत त्याचा मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो.

गैरसमज : दिवसाला एखादी चालते.
वस्तुस्थिती : वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा एका सिगारेटनेच वाढतो. हृदयापुरतं बोलायचं तर 'कमी केली' यात फारसं हशील नाही.

गैरसमज : निकोटिनची पट्टी म्हणजे दुसरं व्यसन.
वस्तुस्थिती : सिगारेटने नुकसान होतं ते प्रामुख्याने धुरातल्या विषारी द्रव्यांमुळे. पट्टीतून धूर येत नाही. तलफ मात्र आटोक्यात राहते. जोडीला निकोटिनचं च्युइंगगम असेल तर यशाची शक्यता आणखी वाढते. ऑस्ट्रेलियातल्या १३ ७८४८ या 'क्विटलाइन' दूरध्वनी मदतसेवेवर मूलनिवासी समुपदेशकही मागता येतो.

भीतीने निश्चय होतो, पण तो टिकवायला घरच्यांची साथ लागते. म्हणून रुग्ण दवाखान्यातून परतला की 'तरी सांगत होतो' असं ऐकवू नका. त्या दिवसापासून घरात आणि गाडीत कुणीच सिगारेट पेटवू नका.