मातीचा गड, पोरांचा कारभार

सहामाहीचा शेवटचा पेपर संपतो आणि त्याच संध्याकाळी पुण्या-साताऱ्याच्या, कोल्हापूर-बेळगावच्या गल्ल्यांतून विटांची शोधाशोध सुरू होते. कुणाच्या घराचं काम चाललं असेल तिथले अर्धे तुकडे, परसातले दगड, फुटलेल्या फरश्या, किराणा दुकानातली रिकामी पोती. वसुबारसेपर्यंत किल्ला उभा राहायला हवा आणि हातात जेमतेम चार-पाच दिवस असतात. पूजेच्या यादीत या किल्ल्याचं नाव नाही. त्याला भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. तरीही दिवाळीत ज्या अंगणात किल्ला नसतो, ते अंगण आम्हाला सुनं वाटतं. आठ-दहा वर्षांच्या पोरांनी पिढ्यानपिढ्या स्वतःच्या अंगावर घेतलेलं इतकं मोठं काम आपल्याकडे दुसरं क्वचितच असेल.

किल्ल्याचं पहिलं अंग म्हणजे सांगाडा. मधोमध विटांची चळत, तिला टेकून उतरते दगड, आत पोकळी ठेवायची असेल तर एखादं जुनं खोकं किंवा डबा. नुसत्या मातीचा ढीग केला की तो वाळताना खचतो आणि भेगाळतो. म्हणून सांगाड्यावर गोणपाट टाकतात, तेही मातीच्या पातळ राबड्यात बुडवून. ओलं गोणपाट दगडांवर पडताना ज्या चुण्या पडतात, त्यांतून सह्याद्रीच्या सोंडा आणि घळी आपोआप तयार होतात. त्यावर चाळलेल्या मातीचे थर चढतात. काळी माती वाळल्यावर फाटते, म्हणून तांबडी मिळवतात. कडा उभा हवा असेल तर चिखलाचे गोळे जोरात फेकून मारायचे आणि हाताने अजिबात सारवायचे नाहीत. सारवलेला कडा भिंतीसारखा दिसतो, फेकलेला कड्यासारखा. ही युक्ती गल्लीतली मोठी पोरं धाकट्यांना शिकवतात, आणि धाकटी पुढच्या वर्षी ती आपलीच म्हणून सांगतात.

मग हिरवळ. मोहरी चालते, मेथी चालते, पण जाणकार हात हळिवाकडे जातो. हळीव भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि दाणा उभ्या उतारालाही चिकटून बसतो. मोहरी तिथून घरंगळते. लक्ष्मीपूजनाला डोंगर हिरवा हवा असेल तर चार-पाच दिवस आधी पेरायला हवं. पाणी तांब्याने ओतायचं नाही, बोटांनी शिंपडायचं, नाहीतर बुरुजासकट उतार खाली येतो. परतीचा पाऊस लांबला तर ताडपत्रीही शोधून ठेवावी लागते.

इथपर्यंत सगळं हाताचं काम आहे. खरा प्रश्न उभा राहतो तो दरवाजापाशी. प्रत्येक मूल पहिल्या वर्षी एकच गोष्ट करतं: समोरून सरळ पायऱ्या, त्यांच्या टोकाला भव्य दरवाजा, वर भगवा. सुंदरच दिसतं ते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणीतरी रायगडावर जाऊन आलेलं असतं. तिथला महादरवाजा दोन प्रचंड बुरुजांच्या आड वळणात दडलेला आहे. अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा आपण दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात उभे असतो. मालवणच्या सिंधुदुर्गाचंही तसंच. सुमारे तीन किलोमीटरच्या तटात दरवाजा नेमका कुठे आहे, हे समुद्रावरून येणाऱ्याला कळत नाही. आता पोरांमध्ये वाद सुरू होतो. दरवाजा लपवला तर बघणाऱ्यांना दिसणार कसा? आणि दाखवला तर तो किल्ला कसला?

हा वाद मला फार मोलाचा वाटतो. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आज्ञापत्रात दुर्गबांधणीबद्दल जे लिहून ठेवलं, त्यात हेच आहे: दरवाजा खालच्या माऱ्यातून चुकवावा, पुढे बुरूज द्यावा, येण्याजाण्याची वाट बुरुजाच्या टप्प्यात ठेवावी. एकच दरवाजा असणं हा त्यांनी दोष मानला आणि चोरदिंड्या ठेवायला सांगितलं. पाण्याबद्दलची त्यांची सूचना तर थक्क करणारी आहे. गडावर झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात. म्हणून साठवणीची टाकी हवीतच. किल्ल्यावर आरशाचा तुकडा ठेवून तळं करणाऱ्या मुलाला हे सांगून पाहा. दुसऱ्या दिवशी त्याच्या गडावर तीन टाकी खोदलेली असतात, आणि तो तुम्हालाच विचारतो की रायगडाच्या गंगासागरात पाणी येतं कुठून. सिंधुदुर्ग करणाऱ्यांना दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही नावं पुरतात. खाऱ्या समुद्रात गोडं पाणी, एवढ्यावर अर्धी संध्याकाळ जाते.

राजगड करणाऱ्यांचा आनंद वेगळा. तीन माच्या तीन दिशांना पसरायच्या, मधे बालेकिल्ला उंच काढायचा. सुवेळा माचीवरचं नेढं ओल्या मातीत काडी खुपसून आरपार पाडायचं. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी ज्याला जमली, तो त्या दिवाळीपुरता गल्लीचा हिरोजी इंदुलकर. प्रतापगड सर्वांत लोकप्रिय, कारण त्याला गोष्ट आहे. १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीत बांधलेला गड आणि पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीचा शामियाना. तो रंगीत कापडाचा करायचा की कागदाचा, यावर घरातल्या आयांचे पदर आणि दादांच्या वह्या दोन्ही धोक्यात येतात.

किल्ला बांधून झाला की चित्रं मांडायची. पुण्यात या मातीच्या बाहुल्यांना चित्रंच म्हणतात, आणि दिवाळीच्या आधी कुंभारवाड्यात, मंडईच्या आसपास, रस्त्याकडेच्या हातगाड्यांवर त्यांच्या रांगा लागतात. सिंहासनावरचे महाराज, ढाल-तलवारीचे मावळे, तोफा, गवळणी, जात्यावरची बाई, बैलगाडी, कुस्तीतले पैलवान, गुहेत बसवायचा वाघ. महाराज बहुतेक वेळा दरवाजापेक्षा मोठे असतात. कुणी मोजमापावर बोट ठेवलं तर मला वाईट वाटतं. गडावर सर्वांत मोठं कोण, हे त्या मुलाने बरोबर ठरवलेलं असतं. पायथ्याच्या गावात एखादी खेळण्यातली एसटी आली तरी येऊ द्यावी. गाव त्याच्या ओळखीचं आहे, म्हणूनच गड त्याचा झाला.

आता अडचण जागेची. वाडे गेले, अंगणं गेली, सोसायटीच्या आवारात फरशी आली. माती रोपवाटिकेतून पिशवीने विकत आणावी लागते आणि किल्ल्यामुळे दोन गाड्यांची जागा अडते म्हणून कुरबुर होते. म्हणून बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. आणा, ठेवा, चित्रं मांडा. घाईच्या घरांची सोय मला समजते, पण त्या किल्ल्याला दरवाजा कुठे असावा हा प्रश्न कधीच पडत नाही. म्हणूनच मोठ्यांनी या उत्सवात उतरायला हवं, आणि आपली जागा ओळखून उतरायला हवं. जागा मिळवून द्यावी, माती वाहावी, विटा रचताना बोटं सांभाळावीत आणि आराखडा पोरांवर सोडावा. स्पर्धांमुळे अनेक ठिकाणी किल्ले पुन्हा उभे राहू लागले, हे त्यांचं ऋणच आहे. पण बक्षिसासाठी बापच रात्रभर जागून हुबेहूब प्रतिकृती करतो तेव्हा मूल बाजूला पडतं. परीक्षकांनी किल्ला थोडा कमी पाहावा आणि माहिती जास्त ऐकावी. हातात छडी घेऊन, एका दमात, ‘हा बालेकिल्ला, ही सदर, हे धान्याचं कोठार’ सांगणारं पोर मधेच अडवून विचारावं की शत्रू कुठून येईल. ज्याने स्वतः बांधलाय तो छडीशिवाय बोटाने दाखवतो.

किल्ला साधारण तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो. मग काही गल्ल्यांत तो उरलेल्या सुतळी बॉम्बने उडवतात. तो धुराळा मुलांना हवाहवासा वाटतो, पण खड्यांनी डोळे जातील याची भीतीही खरी आहे. कुदळीने उतरवावा, चित्रं पुसून कागदात गुंडाळून ठेवावीत, माती कुंड्यांत जावी. विटा मात्र जपाव्यात.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. अंगणात यांतले चार-पाचच पुन्हापुन्हा दिसतात. साल्हेर फारसा कुणी करत नाही, खरं तर १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला तो. विटांची चळत मनसोक्त चढवायला त्याच्याइतकं चांगलं निमित्त नाही. खांदेरीला परातभर पाणी आणि बेटापुरती माती पुरते, म्हणजे तो बाल्कनीतही होतो. आणि राजाराम महाराजांनी सुमारे आठ वर्षं जिथून राज्य राखलं ती जिंजी तर एक डोंगर नाहीच. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी असे तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट. यंदा तुमच्या आवारातल्या पोरांनी जिंजी मनावर घेतली तर माती तिप्पट लागेल. घमेलं घेऊन खाली जा.