डोक्यातले धुके : आळस नव्हे, लक्षण

पुस्तक समोर उघडे असते, पण तेच पान तीनदा वाचूनही काही उमगत नाही. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. या अवस्थेला हल्ली ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. आपल्याकडे मात्र तिला चटकन आळस किंवा मठ्ठपणा म्हटले जाते आणि एखादी हुशार मुलगीही ‘आपल्याला शिक्षण जमणार नाही’ असे मनाशी ठरवून बसते. म्हणून हा विषय आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

ब्रेन फॉग हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के; पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. हा प्राणवायू रक्तातील हिमोग्लोबिन वाहून नेते. रक्त कमी असेल तर थकवा येतो, लक्ष लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अपुरी झोप, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मधुमेह, नैराश्य, सर्दीच्या काही गोळ्या हीदेखील कारणे असतात. २०२० नंतर कोविड होऊन गेलेल्या अनेकांनाही हा त्रास जाणवला.

बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर आम्ही लगेच कोणाला दोषी ठरवत नाही. एकेक व्हाउचर तपासतो. इथेही तसेच करावे. प्रथम झोप पाहावी. शाळा-कॉलेजच्या मुलांना ८ ते १० तास, प्रौढांना किमान ७ तास झोप हवी. वाचलेले मनात पक्के होते ते झोपेतच. आहारात पालेभाज्या, कडधान्ये व लिंबू असावे; जेवणाबरोबर चहा टाळावा. रोज थोडे चालावे. एका वेळी एकच काम करावे आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी वहीत टिपाव्यात.

दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ व साखर यांच्या तपासण्या साध्या रक्तचाचणीने होतात. चालू औषधे मनाने बंद करू नयेत. मात्र अचानक भ्रम झाला, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासात डोके चालेनासे झाले तर स्वतःच्या बुद्धीवर शिक्का मारू नका. पालकांनीही मुलाला रागावण्याआधी एवढेच विचारावे : झोप झाली का, जेवलास का, रक्त तपासले का?