जुन्या कार्बोरेटर गाडीचं आयडलिंग बिघडलंय? स्क्रूला हात लावण्याआधी हा क्रम पाळा



नवीन गॅरेज टाकलं की सुरुवातीला कोणत्या गाड्या येतात? वॉरंटीतल्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. आपल्या दारात येते जुनी मारुती ८००, ओम्नी, नाहीतर कुणी हौसेने सांभाळलेली प्रीमियर पद्मिनी. तक्रार ठरलेली: "सिग्नलला उभी केली की थरथरते. रेस सोडली की बंद पडते."

अशा वेळी बरेच जण सरळ स्क्रूड्रायव्हर घेतात आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून स्लो वाढवतात. गाडी तेवढ्यापुरती शांत होते, गिऱ्हाईक पैसे देतं आणि आठ दिवसांनी परत येतं. दुसऱ्या वेळी तुम्ही फुकट काम करता. तिसऱ्या वेळी ते येतच नाही आणि सोसायटीतल्या चार जणांनाही येऊ देत नाही. म्हणून आज शिकायचंय ते तपासणीचा क्रम. आधी स्वस्त आणि सोपं, मग महाग आणि अवघड. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

आधी कारण समजून घ्या

रेस सोडल्यावर कार्बोरेटरची थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. पेट्रोल मेन जेटमधून न येता आयडलच्या वेगळ्या, अगदी बारीक वाटेने येतं. त्याच वेळी मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम खूप जास्त असतो. त्यामुळे बारीकशी चीर असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण बिघडतं. रस्त्यावर नीट पळणारी गाडी सिग्नलला का रडते, ते आता लक्षात आलं ना?

पायरी १: विचारा

गाडी थंड असताना त्रास होतो की गरम झाल्यावर? कधीपासून? त्याआधी कुठलं काम केलं होतं? किती दिवस उभी होती? उत्तरं जॉब कार्डवर लिहा. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत शिळं पेट्रोल आणि चिकट झालेले जेट हा पहिला संशय. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगलेत का, तडकलेत का, बघा. पेट्रोल गळत असेल तर गाडी चालू न करता आधी पाइप बदला.

पायरी २: एक सिलिंडर की सगळे?

सगळ्यात उपयोगी चाचणी हीच. गाडी बंद करा, एका प्लगची वायर काढा आणि तिचं टोक इंजिनाच्या धातूला पक्कं टेकवून ठेवा. मग गाडी चालू करून आवाज ऐका. असं एकेका प्लगला करा. मारुती ८०० ला तीन सिलिंडर, पद्मिनीला चार.

वायर काढल्यावर इंजिन आणखी ढेपाळलं, तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर बिघाड त्याच सिलिंडरचा: प्लग, वायर, डेल्कोची कॅप, टॅपेट किंवा कॉम्प्रेशन. सगळे सिलिंडर सारखेच कमजोर वाटले, तर टायमिंग, हवेची गळती किंवा कार्बोरेटरकडे वळा. दहा मिनिटांच्या या कामाने अर्धे अंदाज गळून पडतात.

पायरी ३: करंट तपासा

प्लग काढून रंग बघा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. एकदम पांढरा म्हणजे हवा जास्त. तेलकट म्हणजे इंजिनातलं ऑइल वर येतंय. वायर आणि कॅपला तडे आहेत का बघा. सीबी पॉइंटची गाडी असेल तर पॉइंट जळलेत का बघून फिलर गेजने गॅप लावा. आधी गॅप, मग टायमिंग. उलटं केलं तर गॅप लावताना टायमिंग पुन्हा हलतं.

पायरी ४: टॅपेट

वाजणारा टॅपेट सगळ्यांना ऐकू येतो. घट्ट टॅपेट मात्र आवाजच करत नाही. तो व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि आयडलिंग बिघडतं. मॅन्युअलमधल्या मापानेच लावा. गरम इंजिनाचं आणि थंड इंजिनाचं माप वेगळं असू शकतं.

पायरी ५: हवेची गळती

व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून चिमटीत दाबा. ब्रेक बूस्टर असेल तर त्याचाही. दाबल्यावर इंजिन सुधारलं की चोर सापडला. कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटवर स्प्रे बाटलीने थोडं साबणाचं पाणी मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. डेल्को आणि वायरवर पाणी उडू देऊ नका. पेट्रोल किंवा क्लीनर मारून गळती शोधू नका, गरम सायलेन्सरवर भडका उडू शकतो.

आता इंजिन गरम असताना चोक थोडा ओढा. गाडी सुधारली तर हवा जास्त होतेय, म्हणजे गळती राहिलीय किंवा आयडल जेट तुंबलाय. आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त: एअर फिल्टर तुंबलेला, चोक अडकलेला किंवा फ्लोटची लेव्हल चढलेली.

पायरी ६: आता कार्बोरेटर

काही कार्बोरेटरवर आयडलचा सोलेनॉइड असतो. चावी ऑन केल्यावर 'टक' आवाज आला नाही, तर त्याची वायर तपासा. जेट काढून क्लीनर आणि हवेच्या प्रेशरने साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं आणि जेट वाया जातो.

मिक्स्चर स्क्रू फिरवण्याआधी तो किती फेरे उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा. बंद करताना हलक्या हाताने, जोर लावला तर टोक खराब होतं. गरम इंजिनावर हळूहळू फिरवत सगळ्यात गुळगुळीत जागा शोधा, मग स्लो मापात आणा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर आयडलची वाट तुंबली आहे किंवा कुणीतरी आधीच स्लो फार चढवून ठेवलाय. पीयूसीत धूर आयडलिंगवरच मोजतात, त्यामुळे हे काम नीट झालं तर गिऱ्हाईकाची तीही चिंता मिटते.

यात धंदा कुठे आहे?

१. तपासणीचा चार्ज वेगळा ठेवा आणि गाडी घेतानाच सांगा. काम तुमच्याकडेच केलं तर तो बिलात वळता करा.
२. एका वेळी एकच बदल करा. तीन पार्ट एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते तुम्हालाच कळणार नाही, आणि दोन पार्टचे पैसे गिऱ्हाईकाने उगाच भरलेले असतील.
३. काढलेला पार्ट पिशवीत घालून परत द्या. विश्वास बोलून मिळत नाही, दाखवून मिळतो.
४. कॉम्प्रेशनच गेलं असेल तर स्पष्ट सांगा: "साहेब, हे ट्यूनिंगने जाणार नाही, इंजिनाचं काम आहे." त्या दिवशीचं बिल छोटं होईल, पण माणूस टिकेल.

समजा, बिघाड निघाला फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपचा. अंदाजाने चालणारा त्यावर नवीन कार्बोरेटर विकेल आणि गाडी तरीही थरथरेल. तुम्ही वीतभर पाइप बदलाल आणि तपासणीचा चार्ज घ्याल. पुढच्या वर्षी क्लच बदलायला ते गिऱ्हाईक कुणाकडे जाईल, तुम्हीच सांगा.

आजचा गृहपाठ: या सहा पायऱ्या एका कागदावर लिहा, प्रत्येकीसमोर 'काय दिसलं' असा रकाना ठेवा आणि पुढच्या गाडीवर भरून बघा. गॅरेजमध्ये मदतनीस असेल तर त्यालाही तोच कागद द्या. म्हणजे तुम्ही बाहेर असलात तरी काम त्याच क्रमाने होईल.