गिरणगावात कचेऱ्या आल्या, नोकऱ्या कुणाच्या?

सकाळी नऊच्या सुमारास लोअर परळ स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीच्या गळ्यात कंपन्यांची ओळखपत्रे दिसतात. ही माणसे विरार, बोरिवली, ठाणे, डोंबिवलीहून येतात आणि काही मिनिटांत काचेच्या मनोऱ्यांत दिसेनाशी होतात. त्याच वेळी डिलाईल रोड आणि लालबागच्या चाळींमधील अनेक तरुण नोकरीसाठी उलट दिशेची गाडी पकडत असतात. गिरणीचा भोंगा वाजला की चाळीतून निघालेला कामगार चालत आपल्या खात्यात पोहोचत असे. आज त्याच गिरणीच्या जागेवर कचेरी उभी आहे, पण तिचे दार त्याच्या नातवासाठी सहजी उघडत नाही. असे का व्हावे?

संगणक क्षेत्रातील रोजगाराची चर्चा होते तेव्हा मुंबई, पुणे आणि बंगळुरू अशी तुलना केली जाते. या शर्यतीत मुंबई आधी उतरली होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना १९६८ साली मुंबईत झाली. अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ मध्ये सुरू झाले आणि देशाच्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवातीची पावले तेथेच पडली. पुढे मात्र महागड्या जागेने मुंबईचा हात आखडला. बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्था आणि सार्वजनिक उद्योगांचे पाठबळ होते. पुण्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालये, वाहन उद्योग आणि हिंजवडीची मोकळी जमीन होती. मुंबईत विस्तारू पाहणाऱ्या कंपन्या खाडी ओलांडून महापे-ऐरोलीकडे सरकल्या.

मुंबईच्या मूळ शहरात राहिले ते पैशाभोवतीचे काम. रिझर्व्ह बँक, शेअर बाजार, विमा कंपन्या आणि बँकांची मुख्यालये येथे असल्याने लेखापरीक्षण, कायदा, जाहिरात, वित्तीय सल्ला आणि बँकांना लागणारी संगणक सेवा हीच या शहराची खासियत ठरली. या कामाला कारखान्याएवढी जागा लागत नाही. शिक्षण मात्र विशिष्ट प्रकारचे लागते. दक्षिण आणि मध्य मुंबईतील अंतर्गत फरक समजून घ्यायचा तर येथूनच सुरुवात करावी लागते.

गिरगाव आणि गिरणगाव

गिरगाव आणि गिरणगाव या दोन नावांत एका 'ण'चाच फरक आहे. अंतरही जेमतेम काही किलोमीटरचे. दोन्हीकडे चाळी, दोन्हीकडे कोकणातून आलेली माणसे. तरीही दोन्ही वस्त्यांचा नोकरीशी असलेला संबंध निराळा होता. गिरगावकर पांढरपेशा, फोर्टातल्या पेढ्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारा. सारस्वत बँकेसारखी सहकारी संस्था १९१८ साली याच गिरगावात उभी राहिली. बँकेत टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक आला तेव्हा घरात इंग्रजी शिक्षण आणि कचेरीच्या कामाची परंपरा आधीच होती. शिवाय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला फोर्टातल्या सनदी लेखापालाकडे उमेदवारी करण्याची सोय चालण्याच्या अंतरावर होती. म्हणून गिरगावची पुढची पिढी नव्या अर्थव्यवस्थेत शिरू शकली. जागेच्या टंचाईमुळे ती डोंबिवली-बोरिवलीला गेली, पण नोकरीची वाट तुटली नाही.

गिरणगावचे तसे झाले नाही. येथील घरांचा आधार एकाच उद्योगावर होता. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर पडले. त्याआधी अवघे सहा महिने, जुलै १९८१ मध्ये, पुण्यात इन्फोसिस या कंपनीची नोंदणी झाली होती. १९८३ साली ती बंगळुरूला गेली. म्हणजे देशात संगणकाच्या नव्या रोजगाराची जुळवाजुळव होत होती, नेमकी तेव्हाच गिरणगावातील घराघरांतली मिळकत थांबली. मुलांच्या शाळा-महाविद्यालयांचे खर्च प्रथम तुटले. ज्या वर्षांत पदवी आणि इंग्रजी यांना भाव येत होता, त्या वर्षांत हजारो मुले हाताला मिळेल ते काम करीत होती. हे नुकसान एका पिढीपुरते राहत नाही, कारण शिक्षणाची भांडवली गुंतवणूक घराघरांतून पुढे सरकत असते.

भरतीची रीत बदलली

दुसरे कारण भरतीच्या पद्धतीत आहे. गिरणीत माणूस लागे तो जॉबरच्या ओळखीने. गावचा, भावकीचा माणूस आधी बदली कामगार म्हणून उभा राही, साच्यावर काम शिके आणि कालांतराने कायम होई. या रीतीत लाच होती, मर्जी होती, अन्यायही होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे वस्ती आणि कामाची जागा यांच्यात एक दुवा राहत असे आणि शिकण्याची सोय कामातच होती.

आजच्या वित्तीय किंवा सल्लागार कंपनीची भरती देशभरच्या निवडक महाविद्यालयांतून होते. कचेरी कोणत्या गल्लीत आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. वस्तीतील माणसाला सहज मिळते ते सुरक्षा रक्षकाचे, साफसफाईचे, पॅन्ट्रीतले किंवा सामान पोहोचवण्याचे काम, आणि तेही बहुधा कंत्राटदारामार्फत. त्याच इमारतीत बारा-बारा तास काढूनही तो त्या कंपनीचा कर्मचारी ठरत नाही. साच्यावरचा बदली कामगार कधीतरी कायम होण्याची आशा धरू शके. रक्षकाच्या खुर्चीवरून वरच्या मजल्यावरील टेबलापर्यंत जाणारा जिना मात्र नाही.

चर्चा जमिनीचीच

गिरण्यांच्या जमिनीविषयी पुष्कळ वाद झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जमिनीचे तीन वाटे सुचवले : मोकळ्या जागांसाठी, सार्वजनिक घरांसाठी आणि मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ज्युपिटर, फिनिक्स, कमला या गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या, मॉल आणि उपाहारगृहे आली. कामगारांच्या लढ्यामुळे घरांचा प्रश्न निदान ऐरणीवर राहिला. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. रोजगाराचा प्रश्न मात्र त्या मानाने मागेच पडला.

कचेऱ्या वाढल्या, पण रस्ते, पूल आणि स्थानके गिरण्यांच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. रोजगाराची जागा बदलताना माणसांचा विचार झाला नाही, याचा याहून विदारक पुरावा शोधण्याची गरज नाही.

दुवा पुन्हा जोडता येईल?

या शहराने एकेकाळी उद्योगाला शिक्षणाची जोड दिली होती. गिरण्यांना तंत्रज्ञ मिळावेत हा व्हीजेटीआयच्या १८८७ मधील स्थापनेमागचा एक प्रमुख हेतू होता. भायखळ्याला सुरू झालेली ही संस्था १९२३ साली माटुंग्याला गेली आणि आज तेथे संगणक अभियांत्रिकी शिकवली जाते. सनदी लेखापालांची उमेदवारीही कामातून शिकण्याचीच पद्धत आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची चौकट उपलब्ध आहे. परळ, दादरच्या महाविद्यालयांतील वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या मुलांना शेजारच्याच कचेऱ्यांत विद्यावेतनासह सहा महिने काम शिकता आले, तर ओळखीची लाचार गरज न पडता तो जुना दुवा नव्या रूपात उभा राहील. जमिनीच्या वाढीव वापराला परवानगी देताना अशा जागांची अट घालणे शासनाला अशक्य नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडहून थेट सीप्झ आणि आरेपर्यंत धावू लागली आहे. गिरगाव, दादर आणि वांद्रे-कुर्ला संकुल एका मार्गावर आले. लालबाग-परळ मात्र त्या मार्गावर नाही. प्रवासाचे अंतर बोगद्याने कमी करता येते. चाळीच्या गॅलरीतून समोर दिसणाऱ्या कचेरीपर्यंतचे अंतर कमी करायला शिक्षण आणि धोरण यांचाच मार्ग खणावा लागेल.