तलाव देखणा, बांध म्हातारा

पावसाने थोडी उघडीप दिली की आपल्या घरांत सहलीचा विषय निघतो. पहाटे बिर्याणीची देगची चढते, मुले गाडीत आधीच जाऊन बसतात आणि दुपारपर्यंत एखाद्या तलावाच्या बांधावर चटई पसरलेली असते. समोर शांत पाणी, डोक्यावर झाडांची सावली. हा बांध कोणी घातला, शेवटचा कोणी तपासला, त्याच्या पायथ्याशी कोणाची घरे आहेत, हे आपल्या मनातही येत नाही. आमच्याही येत नव्हते. अमेरिकेतल्या अशाच एका तलावाची हकीकत वाचली आणि तेव्हापासून आमची नजर पाण्यावरून बांधाच्या मागच्या उताराकडे वळू लागली.

टोकोआची ती रात्र

जॉर्जिया राज्यात टोकोआ नावाचे गाव आहे. गावाजवळ १८६ फूट उंचीचा धबधबा आहे. धबधब्याखालच्या दरीत ख्रिस्ती धर्मशिक्षण देणारे महाविद्यालय होते आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचे मातीचे धरण. धरण कसले, लहानसा बांधच तो : लांबी सुमारे ४०० फूट, उंची चाळीस फुटांच्या आत. महाविद्यालयाला वीज मिळावी म्हणून जुन्या छोट्या बांधावर मातीचा भराव घालून तो वाढवलेला होता. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद झाली. तलाव तेवढा राहिला, मासे धरायला आणि सहलीला.

खरी गोष्ट इथेच सुरू होते. वीज बंद झाली, तसे धरणाकडे लक्ष देण्याचे कारणही संपले. पाण्याचा दाब मात्र रोज तेवढाच होता. मागच्या उतारावर झाडे मोठी झाली. हा उतार आधीच फार खडा होता. १९७३ साली काढलेल्या एका छायाचित्रात तो एके ठिकाणी घसरलेला दिसतो. म्हणजे धरणाने चार वर्षे आधी इशारा दिला होता.

नोव्हेंबर १९७७ च्या पहिल्या आठवड्यात तिथे जोराचा पाऊस झाला. ६ नोव्हेंबरच्या रात्री दीडच्या सुमारास बांध फुटला. पाणी धबधब्यावरून थेट दरीत कोसळले. तिथे विद्यार्थी आपल्या बायकामुलांसह चाकांवरच्या हलक्या घरांत राहत होते. बहुतेक जण झोपेत होते. ३९ जीव गेले, त्यांत लहान मुले बरीच होती.

चौकशीत एकच असे कारण सापडले नाही. पाणी मुरून भिजलेला भराव, खड्या उताराची घसरण, आतून झिरपणारे पाणी, अशा अनेक दुखण्यांनी मिळून बांध गेला असावा, असा निष्कर्ष निघाला.

देशातल्या धरणांची तपासणी करण्याचा कायदा अमेरिकेत १९७२ मध्येच झालेला होता, पण तो बहुतांशी कागदावरच राहिला. टोकोआनंतर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी, जे स्वतः जॉर्जियाचेच, तपासणीचा हुकूम दिला. पुढच्या चार वर्षांत सुमारे ८,८०० धरणे पाहिली गेली. त्यांतली जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली.

आपल्या दारातले पाणी

हे सगळे दूरचे वाटेल, पण २ जुलै २०१९ ची रात्र कोकणातले वाचक विसरलेले नसतील. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसे गेली. तेही मातीचेच धरण. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी धरण पोखरले, असे तेव्हा एका मंत्र्यांनी सांगितले आणि त्याची बरीच थट्टा झाली. मातीच्या बांधाला बिळांचा धोका असतो, हे खोटे नाही. पण बीळ शोधून बुजवणे हे देखभाल करणाऱ्याचेच काम असते.

आपल्याकडे २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर. त्याहून लहान बांध त्याच्या कक्षेत येत नाहीत. टोकोआचे धरणही बारा मीटरच्या आतलेच होते.

काय पाहावे?

त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच. ते स्वच्छ असेल तर एकदम घाबरू नये. मात्र पाझर वाढला किंवा गढूळ झाला, तर पाणी आतली माती घेऊन बाहेर पडते आहे असे समजावे. हे सर्वांत वाईट लक्षण. माथ्यावर लांब भेग, मध्येच खचलेला भाग, मागच्या उतारावर घसरलेली माती, कोरड्या दिवसांतही हिरवीगार, दलदलीची जागा, ही पुढची लक्षणे.

झाडांची सावली आपल्याला आवडते, पण मुळे बांधात खोल जातात. झाड मेले की मुळे कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. सांडवा हा बांधाचा जीव आहे. तो गाळाने, झुडपांनी किंवा मासे अडवायला लावलेल्या जाळीने तुंबला, तर पुराचे पाणी माथ्यावरून वाहते, आणि मातीच्या बांधाला ते फार वेळ सोसत नाही.

असे काही दिसले तर फोटो काढावा, तारीख घालावी आणि ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पाणी गढूळ येत असेल तर अर्जाची वाट न पाहता १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्षाला कळवावे आणि खालच्या वस्तीला सावध करावे.

पुढच्या सहलीत जेवणे आटोपली की मुलांना अम्मीजवळ बसवून मोठ्यांपैकी दोघांनी बांधाच्या मागच्या बाजूला एक फेरी मारावी. दहा मिनिटे लागतात. खाली घरे असतील तर तिथल्या माणसांशी दोन शब्द बोलावे. बांध कुठे ओला होतो, हे त्यांना बहुधा ठाऊक असते. त्यांना कोणी विचारलेले नसते, एवढेच.